वाघरीबाहेरचं बिऱ्हाड

गाडीवान गेला तो मागं वळून बघायलाही तयार नव्हता. शिरगुंडीच्या वेशीत त्यानं सामान उतरवलं, खरं म्हणजे ढकललंच, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळून होटगीची वाट धरली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! वेशीतून आत दिसत होतं ते गावच्या गाव बंद होतं. एका घरातून धूर नाही, एका अंगणात कोंबडी नाही, दारांपुढं बाभळीच्या फांद्या ओढून टाकलेल्या. गावात प्लेगचे उंदीर पडले होते आणि सगळी शिरगुंडी उठून माळावर झोपड्यांत राहायला गेली होती.

शरच्चंद्र मास्तर वेशीत उभा राहून खिशातलं पत्र पुन्हा वाचू लागला, जणू त्यात एखादी नवी ओळ उगवणार होती. तो सोलापूरच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. शिरगुंडीच्या माळाला एक आपोआप झालेली गुहा होती. तिच्यातल्या मातीत कुठल्या तरी जुन्या काळच्या जनावरांची हाडं सापडली, म्हणून सरकारनं ती राखीव केली होती. तिचा नकाशा काढायचं काम मास्तरला मिळालं होतं. चार दिवसांचं काम. इथल्या शाळामास्तरानं महिन्यापूर्वी लिहिलं होतं, 'दोन खोल्या झाडून ठेवतो, कुटुंबासह यावे.' त्या खोल्या झाडलेल्या असतीलही, पण झाडणारा आता कुठं होता ते देवाला ठाऊक.

"बघू, काहीतरी सोय होईलच," मास्तर म्हणाला. हे वाक्य तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होता.

त्याची बायको दुर्गा ट्रंकेवर बसली होती. मांडीवर दोन वर्षांची मालती, पदराखाली गच्च गुंडाळलेली. मास्तरला ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट दुर्गेला ठाऊक होती. पोरीचं अंग तापलं होतं. होटगी स्टेशनावर उतरताना ते नुसतं कोमट होतं. गाडीत बसल्यावर चढत गेलं, आणि आता पोलक्यातून चटका बसत होता. तिनं चकार शब्द काढला नव्हता. गाडीवानाला कळतं तर त्यानं वाटेतच उतरवलं असतं. नवऱ्याला सांगावं तर त्याला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला की कान लालबुंद होत. ह्या दिवसांत ताप आलेल्या लेकराला सावलीलासुद्धा कोणी उभं करत नव्हतं.

परत फिरायची सोय नव्हती. मंगळवारी त्यांच्याच आळीत दोन उंदीर पडले होते. म्हणून तर बायको-पोरीला घेऊन मास्तर निघाला होता. सासूबाई लेकीकडं गेल्या होत्या, आणि जाताना बजावून गेल्या होत्या, की काहीही होवो, परक्याच्या चुलीचं खाऊ नका. त्यापायी दुर्गेनं शेगडी, कोळसा, पीठ, मीठ सगळं बांधून आणलं होतं. डोक्यावर छप्पर तेवढं आणायचं राहिलं होतं.

झोपड्यांची वस्ती वेशीपासून हाकेच्या अंतरावर होती. पण वीस-पंचवीस पावलं उरली असतील तोच आडवी काठी धरून एक म्हातारा पुढं झाला.

"तितंच थांबा! कुटनं आलाय?"

"सोलापूरहून. मी मास्तर आहे, सरकारी कामावर—"

"सोलापूरहून!" म्हातारा मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याचं नाव सिद्धलिंगप्पा, आणि वस्तीत त्याचाच शब्द चालत होता हे त्याच्या काठीवरूनच कळत होतं. झोपड्यांच्या तोंडाशी बायामाणसं येऊन उभी राहिली. कोणी पुढं आलं नाही.

मास्तरनं लस टोचून घेतल्याचे दोन कागद उंच धरले. सिद्धलिंगप्पाला ते वाचता येत नव्हते, पण मोजता येत होते.

"दोनच? पोरीचा कुटं हाय?"

"ती लहान आहे हो. डॉक्टर म्हणाले—"

"आमची सात मानसं गेली मास्तर. त्यात दोन हिच्यापरास ल्हान व्हती." तो रागानं बोलत नव्हता, आणि दुर्गेला तेच जास्त लागलं. "सोलापुरातनंच आलं की ह्ये आमच्यात. तुमास्नी ठेवून घिऊन परत रानात कुटं पळू? गवीकडं जावा. तुमचं सरकार तितं हाय."

गवी म्हणजे ती गुहा. तिकडचं कानडी नावच सगळ्यांच्या तोंडी होतं. मास्तरनं दोन खेपा करून सामान माळाच्या कडेला नेलं. सूर्य कलला होता आणि पौषातला वारा आता बोचायला लागला होता. दुर्गा मागं चालत होती. मालती एकदा कण्हली, तेव्हा तिनं मुद्दाम खोकून तो आवाज झाकला. आपल्याला हे इतकं सहज जमतंय ह्याचीच तिला भीती वाटली.

गवी मात्र डोळ्यांत भरावी अशी होती. काळ्या खडकाखाली भलंमोठं तोंड, आत कोरडी वाळू, वाऱ्याचा मागमूस नाही. एका कोपऱ्यात छतातून पाणी थेंब थेंब गळून खळग्यात साठत होतं. दहा बिऱ्हाडं मावतील एवढी जागा, आणि तोंडाला लोखंडी गजांचं दार. दाराशी पाटी होती, की आत कोणी राहू नये, जाळ करू नये आणि शंभर पावलांच्या आत तळ देऊ नये. ती शंभर पावलं पांढरे धोंडे मांडून दाखवलेली होती.

राखणदार चन्नवीर धोंड्यावर बसला होता. मास्तरचं सरकारी पत्र बघून तो उठला, नमस्कार केला, कुलूप काढून त्याला आत फिरवून आणलं आणि बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावलं.

"मापं सकाळी घ्या. रोज उघडून देतो," तो म्हणाला. "बिऱ्हाड मात्र न्हाई."

"अहो, बरोबर लहान मूल आहे. चार रात्रींचा प्रश्न. मी वर लिहून कळवतो ना, जबाबदारी माझी!"

"इल्ला. न्हाई मास्तर." चन्नवीरनं किल्ली कनवटीला खोचली. "पंदरा दिसामागं सगळं गाव आलतं हितं. उगडा म्हनले. मी न्हाई म्हनलं. माजी सख्खी बहीन, ईरम्मा, नऊ म्हयने भरलेली. ती बगा ती कडंची झोपडी. तितं बाळंत झाली ती, उघड्या वाऱ्यात. मी कुलूप काडलं न्हाई. आता तुमाला उगडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

मास्तर पत्राची घडी पुन्हा उलगडत होता. दुर्गेनं त्याचा हात धरला. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं होतं ते अगदीच वेगळं होतं. ओढ ती किल्ली, उघड ते दार, जाऊ दे ती ईरम्मा आणि तिचं तोंड, असं आलं होतं. पण पलीकडं झोपड्यांच्या रांगेत माणसं उभी होती आणि सगळ्यांची नजर त्या कुलपावर होती. दार उघडलं असतं तर ती माणसं माळ चढून आली असती, आणि त्यांना अडवायला कुणाकडं काय होतं?

"चला," ती म्हणाली. "धोंड्यांच्या पलीकडं बसू कुठंतरी."

पांढऱ्या धोंड्यांच्या पलीकडं मेंढरं होती. अडीचशे-तीनशे तरी असतील. चरून परतली होती आणि एकमेकांना खेटून उभी होती. धनगरांचा तळ पडला होता. एक घोडं, दोन कुत्री, तीन दगडांची चूल. चुलीशी बसलेली म्हातारी मांडीवरच्या कोकराला चिंधीनं पुसत होती. ती केराबाई. तिनं ह्या तिघांकडं आणि त्यांच्या ट्रंकेकडं नीट बघून घेतलं.

"गाव न्हाय म्हनलं?"

"हो," मास्तर म्हणाला.

"आन् सरकारबी?"

"हो."

"मग ऱ्हायलं कोन? बसा की हितं." कोकराला खाली सोडून ती उठली, दुर्गेपाशी आली आणि पदराकडं बघत म्हणाली, "लेकरू बरं हाय नव्हं?"

"बरी आहे," दुर्गा म्हणाली. "प्रवासानं दमलीय, झोपलीय."

आवाज जराही कापला नाही. केराबाईनं मान डोलावली आणि बोटानं जागा दाखवली. ती तळाच्या कडेला होती, मेंढरांपासून थोडी दूर. इतकी दूर का, हे दुर्गेच्या मनात तेव्हा आलं नाही. बसायला मिळालं एवढंच तिला पुरे होतं.

मास्तरनं वळकटी सोडली. केराबाईचा नवरा येडू आणि मुलगा श्रीमंत हे दोघं वाघर लावायच्या तयारीत होते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं सुताचं जाळं. दिवस मावळायच्या आत मेखा ठोकून ती कळपाभोवती गोल उभी करायची, आणि मग माणसं-जनावरं सगळी तिच्या आत.

"एवढी घाई कसली?" मास्तरनं विचारलं.

"लांडगं," येडू म्हणाला. त्याला एका शब्दापेक्षा जास्त बोलायची सवय नव्हती. श्रीमंतनं भर घातली. परवाच्या दिवशी ह्याच माळावर लांडग्यानं दोन कोकरं नेली होती, एक तर कुत्र्यांच्या देखत. थंडीत ते भुकेजतात आणि माणसाच्या लेकरालाही सोडत नाहीत.

दुर्गा बसल्या जागेवरून बघत होती. श्रीमंत मेख ठोकायचा, येडू जाळं ताणायचा, मग पुढची मेख. गोल तिच्या बाजूला सरकत होता. मालतीचा श्वास आता तोंडातून येत होता, भराभर. तिनं पदर आणखी आवळला. एवढी वाघर आपल्या पाठीमागून गेली की झालं. एकदा आत गेलो की अंधारात कोण बघतंय? सकाळपर्यंत ताप उतरेल. उतरायलाच हवा.

तेवढ्यात केराबाईची सून चिमाबाई आली. एका हातात शेळीच्या दुधाचं वाडगं, कडेवर सहा महिन्यांचा गुंडा. गुटगुटीत, काजळ घातलेला, कमरेला काळा दोरा.

"दूद घे बाई. कच्चंच हाय, तुमास्नी चालतंय की," ती हसून म्हणाली आणि टेकली. तिनं गुंडाला सरळ दुर्गेच्या मांडीलगत वळकटीवर ठेवलं. "थंडी लई पडती हितं. रातच्याला तुजी अन् माजी दोगं येकाच घोंगड्यात घालू. ऊब ऱ्हाती."

गुंडानं हात हलवले. त्याच्या हाताला पदराचं टोक लागलं, ते त्यानं ओढलं. मालतीचा हात बाहेर आला. त्या पोरानं ती तापलेली बोटं मुठीत धरली आणि तोंडाकडं न्यायला लागला.

श्रीमंत शेवटच्या मेखा घेऊन अगदी जवळ आला होता. तो थांबला. एक वाट दुर्गेच्या पुढून होती, एक पाठीमागून. त्यानं आईकडं बघून हाक दिली.

"आये, आत का भायेर?"

केराबाई चुलीपासून उठली. ती चालत आली, दुर्गेपुढं उकिडवी बसली आणि अगदी मघासारखंच, त्याच आवाजात तिनं विचारलं,

"लेकरू बरं हाय नव्हं?"

दुर्गेपुढं तो काळा दोरा होता, ती मूठ होती. हो म्हणायला अर्धा क्षणही लागला नसता. तिनं गुंडाला दोन्ही हातांनी उचललं आणि चिमाबाईच्या अंगावर जवळजवळ टाकलं.

"ने त्याला! लांब ने! तिला ताप आहे. सकाळपासून आहे."

चिमाबाई पोर छातीशी धरून जी पळाली ती कळपाच्या पार पलीकडं जाऊन थांबली. वाडगं कलंडलं. मास्तर बायकोकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले, आणि ह्या खेपेला तर तो काही बोललाही नव्हता.

"दुर्गे! अगं, मला तरी—"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांना सांगितलं असतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. दिवसभराचं रडणं होतं ते.

केराबाईनं मालतीला काढून मांडीवर घेतलं. आजारी कोकरू चाचपावं तशी तिनं पोर चाचपली, आधी मान, मग काखा, मग जांघा. बोटं हळूहळू फिरत होती.

"गाठ न्हाय," ती म्हणाली. "आज न्हाय. गाठ दुसऱ्या-तिसऱ्या दिशीबी येती. दोन दिस बगायचं."

येडू वाघरीचं टोक हातात धरून उभा होता. त्यानं एकच शब्द उच्चारला.

"भायेर."

श्रीमंतनं मेखा पुढच्या बाजूनं ठोकल्या. खट, खट, खट. जाळं ताणलं गेलं, आणि मास्तर, दुर्गा, मालती, ट्रंक आणि शेगडी अशी सगळी त्याच्या बाहेर राहिली.

मास्तर मग जो भडकला तसा तो वर्गातसुद्धा कधी भडकत नसे. "लांडगे आहेत म्हणालात ना? लेकरं उचलतात म्हणालात! मग ही काय माणुसकी झाली? मी सरकारी कामावर आलोय, मी लिहून कळवीन, एकेकाचं नाव लिहून—" कोणाचं नाव लिहिणार होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. झोपड्या, गवी आणि आता ही वाघर, सगळ्यांनी एका दिवसात दार लावून घेतलं होतं. दुर्गेला तर रागही येईना. बोललो नसतो तर आत असतो, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

सूर्य टेकला. मागं काहीतरी धपकन पडलं म्हणून तिनं दचकून बघितलं. केराबाईनं आपलं घोंगडं त्यांच्या वळकटीशेजारी टाकलं होतं. हातात काठी, पायाशी दोन कुत्र्यांतलं मोठं कुत्रं. म्हातारी वाघरीच्या बाहेर होती.

"तुम्ही इथं?" दुर्गेला काही कळेना.

"मग कुटं?" केराबाई काटक्या मोडत म्हणाली. "आजारी जित्राब आमी आत घेत न्हाय. सगळा कळप जायाचा. पर त्येला एकलंबी सोडत न्हाय. घरातलं येक मानूस त्येच्यासंगं भायेर निजतंय. ते बरं हुईस्तवर त्या मानसानंबी आत यायाचं न्हाय. आमच्यात पयल्यापासनं हाय ह्ये."

"पण ही तुमची मेंढी नाही हो."

"व्हय. मेंढी असती तर श्रीमंत निजला असता." तिनं जाळ पेटवला. "तान्ह्या लेकराच्या बापाला कसं धाडू? मी म्हातारी हाय."

मास्तर उभा होता तो खाली बसला. मघाचं बोलणं कुठं ठेवावं हे त्याला समजेना.

"आणि गाठ आलीच तर?" दुर्गेनं हळूच विचारलं.

"तर आली," केराबाई म्हणाली. वाघरीच्या पलीकडं चिमाबाई गुंडाला घेऊन उभी होती. केराबाईनं नातवाकडं एकदा बघितलं, हात हलवला, आणि मग पाठ करून बसली.

तेव्हा दुर्गेच्या ध्यानात आलं. ज्या जागेवर ती तळावर आल्यापासून बसली होती तिथले खडे आधीच वेचलेले होते. चुलीला तीन दगड आधीच मांडलेले होते. पाठीमागच्या बाजूला, लांडगा यायचा त्या अंगाला, बाभळीचे काटे ओढून ठेवलेले होते. आजारी जित्राबासाठी करून ठेवलेली जागा होती ती, आणि केराबाईनं त्यांना आल्या आल्याच तिथं बसवलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारलं तेव्हाच."

"पदर कसा धरला व्हतास तू! मेंढीबी दुखणाईत कोकराला अशीच पोटाखाली दडवती."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"आन् तू न्हाय म्हनली असतीस तर? तुज्या तोंडानं आलं, बरं झालं. चिमी पोर घिऊन येईल ह्ये मातुर मला न्हवतं ठावं. माजाबी जीव तवा जाग्यावर ऱ्हायला न्हवता बग."

ते दोन दिवस कसे गेले ते दुर्गेला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. मास्तर दिवसभर गवीत मापं घ्यायचा आणि सांजेला त्या कोरड्या वाळूतून उठून वाऱ्यात येऊन बसायचा. चन्नवीर खळग्यातलं पाणी घागरीत भरून पांढऱ्या धोंड्यापाशी ठेवून जायचा. कोळसा पहिल्याच रात्री कुडकुडण्यात संपला होता. चिमाबाई वाघरीखालून भाकरी सरकवायची, आणि दुर्गा ती खायची. सासूबाईंनी बघितलं असतं तर त्यांना चक्कर आली असती. दुर्गेला त्या भाकरीइतकं गोड काही आठवत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ केराबाई मालतीची मान, काखा, जांघा चाचपायची, आणि तेवढा वेळ दुर्गा डोळे मिटून घ्यायची.

"न्हाय," केराबाई म्हणायची, आणि दुर्गा डोळे उघडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी घामानं न्हाऊन निघाली. केराबाईनं तिच्या तोंडात बोट घातलं आणि ओरडलीच, "अगं आय आय! चावली की!" मग हिरडीवर तेच बोट फिरवत हसायला लागली. "दाड फुटलीय बया! दाडंचा ताप! त्या दाडंपायी माजा नातू तीन दिस घेतला न्हाय म्या!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते घोंगड्याला पुसलं. मास्तरनं उगाचच आपली मापांची वही उघडली आणि बराच वेळ एकाच पानाकडं बघत राहिला.

तरी येडूनं संध्याकाळपर्यंत कोणाला आत घेतलं नाही. पूर्ण दिवस त्यानं जाऊ दिला. दुर्गेला त्याचं काही वाटलं नाही. आता त्याच्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं.

दिवस कलला. मेंढरं चरून आली, मास्तरही गवीतून परतला. तळ थोडा पुढं सरकवला होता, म्हणून वाघर नव्यानं लावायची होती. श्रीमंत मेख ठोकत ठोकत गोल घेऊन त्यांच्यापर्यंत आला. दुर्गा मालतीला घेऊन उभी राहिली, कुठल्या बाजूला सरकावं ते न कळून. केराबाई शेजारी घोंगडं गुंडाळत होती. श्रीमंतनं आईकडं बघितलं नाही, कोणाला काही विचारलं नाही. तो त्या चौघांच्या पाठीमागून वळसा घालून गेला आणि तिथं त्यानं मेख ठोकली.